भुट्टा विकायला कागद लागत नाही, भुट्ट्याचा कीस विकायला लागतो

सांवेरकडच्या आमच्या शेतातला मका आम्ही तीन पावसाळे इंदूरच्या रविवारच्या शेतकरी बाजारात नुसता टोपलीनं विकला. कोणी काही विचारलं नाही. चौथ्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, उरलेले भुट्टे परत आणून म्हशींपुढे टाकता, त्यापेक्षा तिथेच कीस करून विका की. झालं. पहिल्याच रविवारी कढईत मोहरी तडतडली, हिंगाचा वास सुटला, चार गिऱ्हाइकं उभी राहिली आणि आयोजकांपैकी एक जण येऊन म्हणाले, "रजिस्ट्रेशन दाखवा." आमच्याकडे होता फक्त सातबाऱ्यासारखा इकडचा खसरा. तो त्यांनी पाहिलासुद्धा नाही. त्या दिवशीचा कीस आजूबाजूच्या स्टॉलवाल्यांनी फुकट खाल्ला. तेव्हापासून हंगामाच्या महिनाभर आधी मी काय काय जमवते ते इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्मे शेतकरी इथेच फसतात. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा आहे आणि शेतकरी, त्याचं शेतकाम आणि त्याच्या शेतावरचा माल यांना तो लागू नाही, असं त्यातच लिहिलं आहे. म्हणून कणसं, मेथीच्या जुड्या, मातीसकट गराडू (इकडचा एक कंद) विकताना आपण मोकळे असतो. कणीस किसणीवर घासून कढईत टाकलं की मात्र आपण शेतकरी राहत नाही, खाद्यव्यावसायिक होतो. मका आपल्याच शेतातला आहे, तूप आपल्याच म्हशीचं आहे, यानं काही फरक पडत नाही. आवळ्याला कागद नको, मुरांब्याला हवा. निखाऱ्यावर भाजून लिंबू चोळलेला भुट्टासुद्धा पलीकडच्या बाजूचाच. जीएसटीतही रेघ साधारण तिथेच आहे: स्वतःच्या जमिनीत पिकवलेलं विकण्यापुरती शेतकऱ्याला नोंदणी माफ, शिजवून विकलेल्याला ती माफी नाही. अर्थात रविवारच्या एका स्टॉलवर 20 लाखांची उलाढाल व्हायची नाही, तेव्हा जीएसटीची काळजी सध्या सोडा.

काळजी करायची ती एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाची. 2011 च्या नियमावलीनं दोन पायऱ्या केल्या: वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधी नोंदणी, त्यावर परवाना. फेरीवाला, हातठेला, तात्पुरता स्टॉल, घरी करून विकणारे हे सगळे नोंदणीवाले. शिवाय दिवसाला 100 किलोच्या आतच पदार्थ करायचा, अशीही मर्यादा होती. सहा माणसं दिवसभर किसत बसली तरी आमचा कीस तिथवर जात नाही. अर्ज फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर, 'फॉर्म ए'. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, एवढंच लागतं. मी भरला तेव्हा वर्षाची फी 100 रुपये होती. बाहेर दुकानात तोच फॉर्म भरून द्यायचे माझ्याकडे 1500 मागितले, म्हणून सांगते, भाच्याला नाहीतर पुतणीला शेजारी बसवा आणि मोबाईलवर भरा.

भरताना एक चूक करू नका, मी केली आहे. पत्त्याच्या जागी मी ऐटीत शेताचा पत्ता घातला, कारण आपण शेतकरी ना! पण कीसाची तयारी, मसाला, चटणी सगळं व्हायचं सुदामानगरच्या घरी. तपासणी होते ती पदार्थ जिथे तयार होतो त्या जागेची, शेतात येऊन ते काय बघणार, बांध? पुन्हा सगळं निस्तरावं लागलं. नियमाप्रमाणे सात दिवसांत नोंदणी देतात, नाकारतात किंवा तपासणीचं कळवतात, आणि सगळं लांबलं तरी 30 दिवसांचा हिशेब धरतात. म्हणून म्हटलं, महिनाभर आधी. चौदा आकडी नंबर हातात आला की त्या कागदाला लॅमिनेशन करून स्टॉलवर समोर टांगा. पिशवीत ठेवलेला कागद नसल्यातच जमा. आणि बाजार भरवणाऱ्यांची परवानगी वेगळी असते हे विसरू नका: मैदानात शेगडी पेटवू देतात की नाही, हे स्टॉलचे पैसे भरण्याआधी विचारा. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी नंतर विचारलं आणि दिवसभर थंड धिरडी विकली.

कागद संपले. खरी तयारी पाणी, तेल आणि हात यांची. स्टॉलवर काम करणाऱ्या प्रत्येकाचं डॉक्टरचं प्रमाणपत्र करून घ्या. संसर्गाचा आजार नाही, एवढं त्यात लागतं. दिराच्या बोटाला गव्हाच्या कापणीत विळा लागला होता, त्या रविवारी त्यांना मी गल्ल्यावर बसवलं, कढईजवळ येऊ दिलं नाही. राग आला त्यांना. शेतातून बोअरचं पाणी कॅनमध्ये भरून आणत असाल तर ते प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तो रिपोर्ट नोंदणीच्या कागदाबरोबर ठेवा. दिसायला नितळ पाणी आमच्याकडे एकदा नापास झालं आहे. घरचं नळाचं, नर्मदेचं असेल तरी पिंप घासलेलं हवं, झाकण हवं, आणि प्यायचं पाणी वेगळं, हात धुवायचं वेगळं.

कीसाला तूप-दुधाचं काम, त्यात तेलाचा प्रश्न येत नाही. येतो तो थंडीत गराडूला. गराडू सोलताना हाताला खाज सुटते म्हणून आधी तेल चोळायचं, मग फोडी उकडायच्या, मग तळायच्या, आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा एकदा कडक तळून वर जीरावण, म्हणजे इकडचा भुरभुरायचा मसाला. म्हणजे एकच कढई सकाळपासून रात्रीपर्यंत तापलेली. तळणाच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड', म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, हा नियम जुलै 2018 पासून आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं. पण तेल दाट झालं, फोडी टाकल्यावर फेस कढईभर पसरून बसेना, नेहमीपेक्षा लवकर धूर यायला लागला, की ओळखायचं. त्यात ताजं तेल ओतून वेळ मारून नेऊ नका, तेही वाया जातं. मी कढई लहान केली आणि दुपारी तेल बदलते. जुनं तेल डब्यात भरून परत न्यायचं, नालीत ओतायचं नाही.

गॅस घरचा लाल सिलिंडर उचलून आणू नका. 14.2 किलोचा तो घरगुती वापरासाठीच असतो, धंद्याला 19 किलोचा निळा, किंवा पाच किलोचा छोटा मिळतो तो. वर्तमानपत्रात खायला देणं बंद, त्याची शाई गरम तुपात उतरते. प्लॅस्टिकच्या प्लेटा-चमचे 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. आम्ही खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या पानांचे द्रोण घेतो, चमचा लाकडी. कचऱ्याचं इंदूरकरांना सांगायला नको: ओला आणि सुका असे दोन डबे ठेवा, नाहीतर निगमवाले यायच्या आधी शेजारचे भियाच ऐकवतील.

एक पुस्ती. कीसाची चव आवडली की लोक विचारतात, जीरावण घरचं आहे का, पुडी द्या ना. तुम्ही खुशीत पुड्या बांधल्यात की तो 'पॅकबंद माल' होतो आणि त्याचं गणित निराळं: नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची आणि टिकण्याची तारीख, तुमचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, चौदा आकडी नंबर आणि चौकोनातला हिरवा ठिपका. वजनकाट्यावर नापतौलचा, म्हणजे वजनमापं खात्याचा चालू शिक्का हवा. हे सगळं जमत नसेल तर पहिल्या वर्षी पुड्या नकोतच. तसंच पाटीवर 'जैविक' लिहायचा मोह आवरा. जैविक म्हणून विकायच्या मालाला एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारी जैविक योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला सूट आहे, पण शिजवलेल्या कीसावर तो शब्द मी लिहीत नाही. आमच्या पाटीवर 'आमच्याच शेतातला मका' एवढंच आहे, आणि कोणी खोदून विचारलं तर खत कुठलं घातलं ते सांगते.

शनिवारी रात्री एका टोपलीत भरायचं: दोन किसण्या (एकीचे दात बोथट होतातच), बर्फाच्या डब्यात दूध, टोप्या, साबण, नखं कापायचं यंत्र, सुटे पैसे, लॅमिनेशनचा कागद आणि त्याची दोरी. भुट्टे मात्र सालासकट न्या आणि लागतील तसे किसा. आदल्या रात्री किसून नेलेला मका सकाळी आंबूस होतो, आणि दूध घातलं की फाटतो. दुपारी दीडनंतर उरलेला कीस मी विकत नाही, घरी आणते. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. एवढं तूप घातलंय, म्हणतात, संध्याकाळी थोडं दूध शिंपडून परत गरम केलं असतं तर कोणाला कळलं असतं?