मसाज करताना या चुका टाळा (बऱ्याचशा मी स्वतः केल्यात)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोर. क्लायंट टेबलावर पडल्या पडल्या सांगतो "जोरात करा हां, मला काही होत नाही" आणि आपण पण इरेला पेटतो. मी पहिली दोन-तीन वर्षं हेच केलं. आता तो काय बोलतो त्यापेक्षा त्याच्या श्वासाकडे बघते, कारण दाब जास्त झाला तरी माणूस "मस्त, मस्त" म्हणत राहतो पण श्वास धरून ठेवतो, पायाची बोटं आखडतात, हळूच मूठ वळते, आणि मग स्नायू सैल पडायच्या ऐवजी अजूनच ताठ होतो, तुम्ही आपले त्याच्याशी कुस्ती खेळत बसता. दहापैकी पाच-सहा एवढंच दुखावं. त्याच्या वर गेलं की हात हलका करा, विचारत बसू नका.

याचीच बहीण म्हणजे "गाठ फोडणं". खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यात हमखास एक कडक जागा लागते, तिथे दोन्ही अंगठे रोवून रगडलं की क्लायंट दोन दिवस मान धरून बसतो आणि तुमच्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा कायमचा कुरकुरायला लागतो (माझा लागलाय). कोपराखालचा हात वापरा, टेबल थोडं खाली घ्या म्हणजे अंगाचं वजन आपोआप पडतं, आणि त्या जागेवर अर्धा-एक मिनिट नुसतं थांबा. काही न करता थांबणं जमत नाही, हाच खरा प्रॉब्लेम आहे.

टॉक्सिन निघतात, लॅक्टिक अ‍ॅसिड निघतं वगैरे सांगू नका प्लीज. व्यायामानंतरचं लॅक्टिक अ‍ॅसिड साधारण तासाभरात शरीर स्वतःच संपवतं, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते त्याच्यामुळे नसतं.

आता ही मात्र जिवाशी खेळ असलेली चूक. एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, त्यात नुकतंच ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास झालाय, तर हात लावायचा नाही, थेट डॉक्टरकडे पाठवायचं. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. क्लायंट चिडला तर चिडू दे. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, ताप आहे का, हे कपडे बदलायच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि मानेच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यामागच्या खळग्यात दाब देऊ नका.

शेवटची चूक मला अजून टोचते. एक बाई पालथ्या झोपल्या होत्या, माझा हात दोन पात्यांच्या मधे, आणि खाली फरशीवर टप टप थेंब पडायला लागले. मी घाबरून हात उचलला आणि विचारलं, "काय झालं?" झालं, त्या उठून बसल्या, तोंड पुसलं, चार वेळा सॉरी म्हणाल्या आणि निघून गेल्या. हात उचलायला नको होता. आता असं झालं की हात तिथेच ठेवते, तेवढ्याच वजनाने, चोळत नाही, आणि थोड्या वेळाने एवढंच विचारते, "चालू ठेवू की थांबू?" टिश्यूचा डबा पण टेबलाखाली ठेवलाय, न मागता हात पोचेल असा.