निर्वासित आणि विस्थापित मुलांसाठी धावपळ करताना या चुका टाळा

नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबातली मुलं, नागपूर स्टेशनावर एकटं उतरलेलं आणि आपली भाषा न येणारं मूल, शहराभोवतीच्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगडहून आलेल्या मजुरांची पोरं. कार्यालयात ही तिघंही "बाहेरची" म्हणून एकाच रकान्यात जातात. तिघांचे कागद वेगळे, दारं वेगळी. पण तिघंही 18 वर्षांखालची आहेत आणि बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये मूल म्हणजे 18 वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती, एवढंच लिहिलंय. नागरिकत्वाची अट तिथे नाही. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

अर्जात चुकीचा कायदा लिहिणं

निर्वासित म्हटलं की लोक 1951 चा निर्वासित करार लिहून मोकळे होतात. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, 1967 च्या प्रोटोकॉलवरही नाही. अधिकारी तेवढंच सांगून अर्ज परत करतो, आणि तो चुकत नाही. त्याऐवजी संयुक्त राष्ट्रांची 1989 ची बालहक्क संहिता लिहा. भारताने ती 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकारली. तिचं कलम 22 थेट निर्वासित मुलांबद्दल आहे, मग ते मूल आईवडिलांसोबत असो की एकटं.

नुसत्या संहितेवरही अर्ज टिकत नाही, देशातला कायदा जोडावाच लागतो. जगण्याचा हक्क देणारा संविधानाचा अनुच्छेद 21 "व्यक्ती"ला लागू आहे, फक्त नागरिकाला नाही. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हे स्पष्ट केलं. अनुच्छेद 21-अ मधला शिक्षणाचा हक्क 6 ते 14 वयाच्या सर्व बालकांचा आहे. अनुच्छेद 19 मात्र लिहू नका, तो नागरिकांपुरता आहे. 1946 च्या परदेशी नागरिक कायद्याची कलमंही आता लिहायची नाहीत. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जागी इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा 2025 आलाय.

पहिले 24 तास वाया घालवणं

एकटं मूल सापडलं की चांगल्या मनाची माणसं त्याला घरी नेतात, जेवू घालतात आणि "सोमवारी बघू" म्हणतात. ही चूक अंगाशी येते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 32 प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन), पोलीस, बाल कल्याण समिती (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आज रविवार आहे, समिती बसत नाही, हे कारण चालत नाही. समितीची बैठक नसेल तेव्हा मुलाला तिच्या एका सदस्यासमोर हजर करता येतं आणि तो सदस्य मुलाची राहण्याची सोय लावू शकतो. मुलासोबत "मामा" म्हणवणारा माणूस असेल तर त्यालाच दुभाषी करू नका. नात्याचा पुरावा मिळेपर्यंत त्याचं आणि मुलाचं म्हणणं वेगवेगळं घ्या. भावंडं असतील तर वेगवेगळ्या संस्थांत पाठवू नका, हे समितीला पहिल्याच अर्जात लेखी मागा.

आणि फोटो. "कुणी ओळखतं का" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवणं कलम 74 खाली गुन्हा आहे. छळातून पळालेल्या कुटुंबाचा ठावठिकाणा त्या एका फोटोने नको त्या माणसापर्यंत पोचू शकतो.

नाव आणि जन्मतारीख: इथे सर्वात जास्त बिघडतं

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असे आपल्या पद्धतीचे रकाने असतात. सिंधमधून आलेल्या मुलाच्या पासपोर्टवर कधी आडनावच नसतं. मग कारकून वडिलांचं नाव आडनावात लिहितो, किंवा जातीवरून एखादं आडनाव बसवतो. त्या दिवशी काम भागतं. पुढे दीर्घ मुदतीचा व्हिसा वाढवताना किंवा नागरिकत्वाचा अर्ज करताना शाळेचा दाखला आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि फाइल अडते. उपाय सोपा आहे: पासपोर्टवर आहे तेच अक्षर न् अक्षर लिहा, आडनावाच्या जागी आडवी रेघ मारा, आणि शेऱ्यात "पासपोर्टप्रमाणे" लिहून क्रमांक टाका. देवनागरीतलं स्पेलिंग घरात एकदा ठरवा आणि सगळ्या भावंडांसाठी तेच ठेवा.

तारखेचंही तसंच. तारीख माहीत नसली की 1 जानेवारी किंवा 1 जून टाकायची सवय आहे. एका भावाची 1 जानेवारी 2015 आणि दुसऱ्याची 1 जून 2015 लागली की पाच महिन्यांत दोन बाळंतपणं झाल्याचं कागद सांगतो. मग घरातल्या प्रत्येक कागदावर शंका येते. अंदाज असेल तर "अंदाजे" असंच लिहा.

वयाचा वाद बाल कल्याण समितीसमोर गेला तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 मधला क्रम आहे: आधी शाळेचा जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. थेट हाडांच्या चाचणीची मागणी करू नका. तिच्यात दोन वर्षांची चूक होऊ शकते, हे न्यायालयंही धरून चालतात. शंका उरली तर ती मुलाच्या बाजूने धरावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2005 च्या सामान्य टिप्पणी 6 मध्ये म्हटलंय.

जन्मनोंद टाळणं

आईबाप परदेशी आहेत, म्हणून बाळाची नोंद होणार नाही, ही समजूत खोटी आहे. जन्म इथे झाला तर नोंद इथेच होते. 21 दिवसांत विनाशुल्क, 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशानेच. नाव ठरलं नसलं तरी नोंद थांबवू नका, नाव नंतर घालता येतं. मात्र जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे. 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एकजण तरी भारतीय असावा लागतो आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. तरीही कुठल्याच देशाचं न राहण्यापासून बाळाला वाचवणारा पहिला पुरावा हाच.

चुकीचं दार ठोठावणं

तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांची व्यवस्था भारत सरकार स्वतः पाहतं. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या मुलासाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला पत्र लिहून उपयोग नाही. अफगाण किंवा म्यानमारच्या मुलासाठी मात्र त्यांचं दिल्लीचं कार्यालय हेच दार आहे. ते निर्वासिताचं जे ओळखपत्र (कार्ड) देतात तो व्हिसा नसतो, हे कुटुंबाला आधीच सांगा. आणि मूल ज्या देशातून पळून आलंय, त्याच्या वकिलातीला स्वतःहून फोन करू नका. मागे राहिलेल्या नातेवाइकांच्या जिवावर बेतू शकतं.

वीटभट्टीवरचं मूल निर्वासित नाही, ते नागरिकच आहे. त्याला कार्ड नको, शाळा हवी. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला (कलम 5) किंवा वयाचा पुरावा नाही (कलम 14) म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. बसवायचं वयानुरूप वर्गात, पहिलीत नव्हे. तोंडी नकार मिळाला तर वाद घालत बसू नका, नकार लेखी मागा आणि याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार द्या: शहरात महापालिका, गावात जिल्हा परिषद. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे आणि पुढचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. तक्रारीच्या तुमच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या, मुदत त्याच तारखेपासून मोजायची असते.