खंडेनवमीआधी स्प्रे गन धुताना

खंडेनवमी आली की कारखान्यात सगळ्यांनाच घाई. मशीन चकाचक दिसली पाहिजे, हार घालायचाय, फोटो काढायचाय. लेथला, ड्रिलला हे चालून जातं. इलेक्ट्रोस्टॅटिक पेंटच्या, म्हणजे रंगाला वीजभार देऊन फवारायच्या बूथला चालत नाही, कारण तिथे एका हातात ६० ते ९० केव्हीची (हजार व्होल्टची) गन आणि पायाशी उघडं थिनर असतं. निरांजन, कापूर, उदबत्ती यातलं काही बूथच्या दारातही आणू नका. पूजा ऑफिसापाशी मांडा आणि गन पूर्ण वाळली की तिथे न्या.

तयारीची सुरुवात बादलीपासून करायची. बादली लोखंडी हवी आणि तिला अर्थिंगचा चिमटा लावलेला हवा. गेल्या वेळी सगळं जमवून नेमकं हेच राहिलं होतं. भडका उडाला नाही तो नशिबाने. प्लॅस्टिकची बादली नको, लोखंडी बादलीत प्लॅस्टिकची पिशवी घालून तर मुळीच नको. थिनर नळीतून वाहताना स्वतःच चार्ज होतं, तो चार्ज जमिनीत उतरायला वाट हवी. प्लॅस्टिकला दहा चिमटे लावले तरी ती वाट मिळत नाही. चिमटा लावायची कडाही बघा. वर्षभराच्या रंगाने ती माखलेली असते आणि चिमटा नुसता रंगालाच धरून बसतो. घासून चकचकीत पत्रा दिसला की मग लावा, आणि बादली ते अर्थ मल्टिमीटरने तपासा.

मग केव्हीचा स्विच बंद, पॉवर सप्लायचा प्लग बाहेर, रंगाचं प्रेशर सोडून ट्रिगर दाबून लाइन रिकामी. इथे एक फसगत होते. कुणीतरी उत्साहाने बूथचा मेनच पाडतो आणि वाफ बाहेर ओढणारा ब्लोअरही बंद पडतो. ब्लोअर चालूच पाहिजे, अगदी शेवटची चिंधी बाहेर जाईपर्यंत. ‘करंट मायक्रोअँपियरमध्ये असतो, काही होत नाही’ असं म्हणणारे दर पाळीत भेटतात. माणूस मरत नाही हे खरं, पण थिनरची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपासची ठिणगी पुरते आणि बोटाला चटका जाणवायला साधारण एक मिलिज्यूल लागतो. म्हणजे तुम्हाला काही कळायच्या आधीच काम झालेलं असतं.

कपडे सुती. नवीन टेरिकॉटचा शर्ट पूजेसाठी ठेवा. अंगठी, कडं, घड्याळ, किल्ल्या, मोबाइल बाहेर. बूट अँटिस्टॅटिक, आणि हातमोजा घालणार असाल तर तळव्याकडून कापलेला, म्हणजे उघडी कातडी गनच्या मुठीला लागते आणि माणूसही अर्थ होतो. पेसमेकर बसवलेल्याने चालू गनच्या आसपास फिरकायचंच नाही.

थिनर कोणतं, हे स्टोअरवर सोडू नका. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानापासून द्रावकाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश, अ‍ॅसिटोनचा उणे २०. आपल्याकडे ते कायमच पेटायच्या तयारीत. गन बाहेरून पुसायला फ्लॅश पॉइंट भोवतालच्या तापमानापेक्षा निदान १५ अंशांनी जास्त असलेलं द्रावक घ्या. ऑक्टोबर हीटमध्ये पत्र्याखाली ३५ असेल तर ५०च्या वरचं.

आता फ्लशिंग, म्हणजे थिनर सोडून गन आतून धुणं. गनचा धातूचा भाग बादलीच्या कडेला घट्ट टेकवून धरायचा आणि कमी प्रेशरवर सोडायचं. टेकवून, म्हणजे टेकवूनच. हवेतून धार मारायची नाही. आणि बादली भरली म्हणून हेल्परने ती उचलून दुसरी ठेवली की चिमटा पहिलीबरोबर जातो! दुसऱ्या बादलीला चिमटा लागेपर्यंत ट्रिगरवरचं बोट काढा. खाली लाकडी पॅलेट किंवा रबरी मॅट असेल तर बादली नुसती जमिनीवर आहे म्हणून अर्थ झाली असं समजू नका. चिमटा लावा.

गन थिनरमध्ये बुडवून ठेवायची सवय काहींना आहे. द्रावक हवेच्या वाटेने आत शिरतं, गनमधल्या पॉवर सप्लायपर्यंत जातं आणि तो महागडा कार्ट्रिज फुकट जातो. पुसताना गनचं नाक खाली धरा म्हणजे ओघळ मुठीकडे येत नाही. मऊ ब्रश वापरा, तारेचा नको. एअर कॅपची भोकं लाकडी काडीने मोकळी करा, तार घातली की भोक वाकडं आणि फवारा कायमचा एकीकडे. इलेक्ट्रोडची सुई वाकली असेल तर सरळ करत बसू नका, बदला. बॅरलच्या आत काळी, झाडाच्या मुळ्यांसारखी रेघ दिसली तर तिथून हाय व्होल्टेज गळतंय, बॅरल बाद. जोडताना मॅन्युअलमध्ये जिथे सांगितलंय तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

गनचा रेझिस्टन्स ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टेजवर रेझिस्टन्स मोजायच्या मीटरने) बघा, आकडा तुमच्या गनच्या मॅन्युअलशी ताडून. पण मेगर बूथमध्ये न्यायचा नाही, त्याचीही ठिणगी पडते. गन कोरडी करून बाहेर आणा.

हँगर, हुक: रंगाचे थर काढा. जॉबपासून (रंगवायच्या वस्तूपासून) अर्थपर्यंत रेझिस्टन्स एक मेगओहमच्या आत यायला हवा, नाहीतर रंग धरत नाही आणि टांगलेला जॉबच ठिणगी टाकतो. खरवडायला पितळी पट्टी.

चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात पाणी घालून, त्याच दिवशी बाहेर. जुने फिल्टर तसेच. वापरलेलं थिनर ओतताना दोन्ही भांड्यांना चिमटा. एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात. केव्ही चालू करण्याआधी बादली बूथबाहेर. रजिस्टरला मेगरचा आकडा, सही.