समुद्राकाठच्या घरात कॉम्प्युटर दीर्घकाळ कसा टिकवावा

वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यालगतच्या कुठल्याही घरातला जुना कॉम्प्युटर उघडून पाहा. मदरबोर्डच्या स्क्रूभोवती तांबूस गंज, यूएसबीच्या पत्र्यावर पांढरट पापुद्रा, तांब्याच्या टोकांवर हिरवी पूड. प्रोसेसर मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो. फ्लॉपीला बुरशी लागायची तेव्हापासून मी ही यंत्रं उघडत-जोडत आलो आहे आणि माझं मत पक्कं आहे: कोकणात नवीन, वेगवान मशीनवर खर्च करण्याआधी तो कोरडेपणावर आणि विजेच्या जोडणीवर करावा. ते जमलं की गणपतीला आलेल्या चाकरमान्याने मुंबईहून आणून दिलेला जुना कॉम्प्युटरही कितीतरी वर्षं उत्तम काम देतो.

आधी जागा ठरवा

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता या आकड्याच्या खाली क्वचितच येते. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बोर्डवर बसतं, ओलं होतं, आणि जिथून वीज जायला नको तिथून ती झिरपायला लागते.

म्हणून समुद्राकडच्या खिडकीखाली कॉम्प्युटर नको. ओटीवर, पडवीत तर नकोच. माजघरासारखी आतली खोली बरी. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, कारण जांभ्याची भिंत पावसात ओल धरते. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका.

प्लास्टिकचं कव्हर घालायची आपल्याकडे फार हौस. ते आतली ओल आतच कोंडून ठेवतं. धुळीपासून झाकायचंच असेल तर सुती कापड टाका, तेही मशीन बंद करून थंड झाल्यावर. पावसाळ्यात काम असो वा नसो, रोज तास-दोन तास कॉम्प्युटर चालू ठेवा. चालू मशीनची स्वतःची ऊब त्याला कोरडं ठेवते. जूनमध्ये बंद करून थेट दसऱ्याला चालू केलेली मशीनच जास्त दगा देतात. घर चार महिने बंद राहणार असेल तर लॅपटॉप हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा किंवा सोबत घेऊन जा.

अर्थिंग तपासा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं. कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या हाताचा मागचा भाग लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक म्हणतात, "थोडा करंट येतोच." येता कामा नये. पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट, म्हणजे बारीक चढउतार, गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांचा मधला बिंदू पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तिथली गळती जमिनीत निघून जाते. नसेल तर पत्र्यावर घरातल्या विजेच्या साधारण निम्मा दाब येऊन उभा राहतो. त्याचा प्रवाह अगदी कमी असतो म्हणून माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात, पण त्याच अवस्थेत प्रिंटरची किंवा टीव्हीची वायर जोडली तर पोर्ट जळू शकतो.

तपासायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०च्या आसपास आकडा यावा. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढाच यावा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट चालतील. तिथे दहा-वीस-पन्नास दिसत असतील, किंवा फेज-अर्थचा आकडा बराच कमी येत असेल, सारखा हलत असेल, तर अर्थची तार कुठेतरी तुटली आहे किंवा जमिनीतला अर्थिंगचा खड्डा निकामी झाला आहे. हे काम चालू विजेवरचं आहे. हात सराईत नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून आकडे मागून घ्या. "ओके आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

आपल्या कातळावर अर्थिंग करणं मुळात कठीण. जांभा पावसात भिजतो, पण पाणी फार काळ धरून ठेवत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये खड्डा पार सुकतो आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. खड्डा शक्यतो घराच्या ओलसर बाजूला, न्हाणीघराच्या किंवा विहिरीच्या अंगाला घ्यायला सांगा. मीठ-कोळसा भरलेला जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घाला. मीठ पट्टीला गंजवतं, म्हणून वरचा नट-बोल्ट दरवर्षी घासून घट्ट करावा लागतो. नवीन खड्डा करत असाल तर बाजारात मिळणारं तयार अर्थिंग कंपाउंड वापरा. माझ्या मते तो खर्च वसूल होतो. घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. तो माणसांसाठी आहे, कॉम्प्युटरसाठी नव्हे, पण बोर्ड उघडलाच आहे तर ते काम राहू देऊ नका.

विजा चमकताना

स्पाइक गार्ड म्हणून जी पट्टी आपण घेतो, तिच्यातला वाढीव दाब खाणारा भाग बराचसा भार अर्थच्या तारेत ढकलतो. अर्थ नसेल तर त्या पट्टीचा उपयोग फार थोडा. आणि जवळ वीज पडली तर कुठलीच पट्टी वाचवत नाही. खात्रीचा उपाय एकच: गडगडाट दुरून ऐकू आला की प्लग सॉकेटमधून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरचा अॅडॅप्टर काढा आणि राउटरकडून कॉम्प्युटरला येणारी लॅन केबलही काढा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण राउटरचा अॅडॅप्टर आणि लॅन केबल तांब्याचीच असतात. मे महिना आणि हस्ताचा पाऊस हे दोन काळ जास्त जपायचे. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत विजा त्यामानाने कमी असतात.

यूपीएसबद्दल थोडक्यात: घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ देते. तेवढंच तिचं काम. दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगडात कितीतरी गावं कितीतरी दिवस अंधारात होती. तशा वेळी इन्व्हर्टरवर डेस्कटॉप फार टिकत नाही, लॅपटॉप टिकतो. म्हणून गावच्या घरासाठी मी ऑफिसातून निघालेला, कामाचा दणकट लॅपटॉप सुचवतो: थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचा. त्यांचे कीबोर्ड, बॅटरी, पंखे सुटे मिळतात, आणि खालचं झाकण नेहमीच्या स्क्रूंनी उघडतं.

आगोटीला एकदा, दसऱ्याला एकदा: साफसफाई

मिरग लागायच्या आधी आपण लाकडं भरतो, कौलं चाळतो, वाळवणं डब्यात घालतो. त्याच यादीत कॉम्प्युटर उघडणं लिहून ठेवा.

प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. लॅपटॉप असेल तर आधी बॅटरीची पिन सोडवा. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला तर त्याची बेअरिंग खराब होते.

मग पोर्ट बघा. आपल्याकडे कुंभारीण माशी दिसेल त्या भोकात मातीचं घर करते, आणि मागचे यूएसबी व लॅनचे पोर्ट तिला फार आवडतात. माती वाळलेली असेल तर लाकडी टूथपिकने हलक्या हाताने फोडा, मशीन तिरकं धरा म्हणजे ती बाहेर पडेल, आणि आतल्या पिना वाकल्या नाहीत ना ते टॉर्चने पाहा. वापरात नसलेल्या पोर्टना रबरी बुचं मिळतात, ती लावा. पॉवर सप्लायच्या जाळीतून मुंग्या आणि पालीची पिल्लंही आत जातात, पण तो डबा उघडू नका. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून असतात.

हिरवी पूड आणि पांढरा पापुद्रा काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हातावर लावायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. जुना मऊ टूथब्रश त्यात बुडवून डागाच्या जागी घासा आणि लिंट न सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्या. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर अनेक जण खोडरबर फिरवतात. त्यांचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, म्हणून आधी अल्कोहोल वापरा. त्याने भागलं नाही तरच पांढरं मऊ रबर, हलक्या हाताने. सगळं करून झाल्यावर तासभर पंख्याखाली वाळू द्या.

घड्याळ दरवेळी मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. आमच्याकडे गंज त्या सेलच्या खाचेतही शिरतो, ती खाचही पुसून घ्या.

खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो, कॉम्प्युटरचीही करावी. हळद-कुंकू कॅबिनेटच्या बाजूला, बोटभर लावा. अक्षता कीबोर्डवर वाहू नका. तांदळाचा दाणा कीखाली गेला की की अडकते, आणि कुंकवाची पूड ओलीत चिकट होऊन बसते. धूप आणि कापूर दोन हात लांब.

वेग हवा असेल तर

दोनच गोष्टी करा: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि रॅम ८ जीबी. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा ठेवायला बारीक छिद्र असतं, त्याला गाळणी असते, तरी ओल आत जातेच. एसएसडीला असं छिद्र नाही, फिरणारं काही नाही, लाइट गेल्यावर आपटणारा काटा नाही. वेगातला फरक तर पहिल्याच मिनिटाला कळतो. २४० किंवा २५६ जीबीची पुरते.

लिनक्स टाका, पण आधी कामं बघा

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर. त्यामुळे चांगली चालती मशीन मुंबई-पुण्यात अडगळीत जात आहेत. ती गावाला आणा आणि त्यावर विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, लिनक्स मिंट, टाका. रॅम ४ जीबीच असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

सगळ्या फाइल्स दुसरीकडे काढून घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. मिंट इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल जवळपास ३ जीबीची असते, गावात रेंज पोहोचत नसेल तर तालुक्याला जाऊन उतरवून आणा. रूफस किंवा बॅलेना एचर हा प्रोग्रॅम वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं की डिस्कला हात न लावता सगळं बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर, झाकण मिटवल्यावर झोपणं-उठणं हे सगळं इथेच तपासा, मगच इन्स्टॉल करा.

टॅलीवर हिशेब असतील, डिजिटल सहीचा डोंगल लागत असेल, तर विंडोजच ठेवा. तिथे हट्ट करू नये. ब्राउझर, पत्रं, फोटो, मुलांचा अभ्यास, बँक यासाठी मिंट पुरेसं आहे आणि लिबरऑफिस त्यात आधीच असतं.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट शिका. कळफलकाच्या डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, अशी तिची मांडणी आहे आणि ती सगळीकडे सारखीच मिळते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, वाडीच्या मंडळाचे अहवाल युनिकोडमध्ये बदलून घ्या. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ते नुसते इंग्रजी चिन्हांचे ढीग दिसतात.

बॅकअप गावाबाहेर ठेवा

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच्याच शेजारच्या कपाटातला बॅकअप दोन्ही एकाच पाण्यात गेले, असं अनेक घरांत, दुकानांत झालं असणार. तीन प्रती हव्यात: एक मशीनवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घरापासून लांब. मुंबईला कुणी असेल तर दर गणपतीला आणि शिमग्याला डिस्कची अदलाबदल करा. भरलेली डिस्क त्यांच्यासोबत जाईल, जुनी परत येईल. मोठ्या फोटोंच्या साठ्याला क्लाउडपेक्षा हा मार्ग सोपा पडतो. घरातली डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, माळ्यावर ठेवा.

मिंटमधलं टाइमशिफ्ट फक्त सिस्टिमची प्रत ठेवतं, तुमच्या फाइल्सची नाही. फाइल्ससाठी मिंटमध्येच बॅकअप टूल नावाचा वेगळा प्रोग्रॅम आहे. आणि प्रत काढल्यावर तिच्यातले दोन-चार फोटो, एखादा सातबारा दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा.

बॅटरी फुगली तर

लॅपटॉपचं टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर लगेच काढा, मशीन बंद करा. तिला दाबू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. काढता येत असेल तर काढून पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर, घराबाहेर पण पावसापासून आडोशाला ठेवा. आतली असेल आणि स्क्रू उघडायचा सराव नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे तसंच न्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात किंवा परड्याच्या खड्ड्यात ती टाकू नका. ई-कचरा घेणारा परवानाधारक तालुक्यात नसेल तर नवीन बॅटरी घेताना दुकानदाराला जुनी परत घ्यायला सांगा.