पावसाळ्यात पिंजरे एक करू नका: लहान-मोठ्या बजी पाळणाऱ्यांसाठी सल्ला

११ जूनच्या आसपास मुंबईत पाऊस धरतो आणि गॅलरीतले पिंजरे आत येतात. वन रूम किचनमध्ये दोन पिंजऱ्यांना जागा कुठली? मग कुणीतरी म्हणतं, "टाका की एकातच, लव्हबर्डच तर आहेत." (आपल्याकडे बजीलाच लव्हबर्ड म्हणतात, खरा लव्हबर्ड वेगळा, आफ्रिकेतला. बजी म्हणजे ऑस्ट्रेलियाचा छोटा पोपट.) दर पावसाळ्यात पिल्लं जातात ती या एका वाक्यापायी. दुसरा पिंजरा कपाटावर ठेवा, पण नवं पिल्लू जुन्या पक्ष्यात त्याच दिवशी सोडू नका.

पिल्लू ओळखा. कपाळावरच्या काळ्या रेघा थेट नाकापर्यंत आलेल्या, डोळा पूर्ण काळा. साधारण तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडतात, रेघा मागे सरतात. डोळ्यात पांढरं कडं त्यानंतर उमटतं. पाच आठवड्यांचं पिल्लू घरट्याच्या मडक्याबाहेर येतं खरं, पण दाणा सोलायला शिकायला त्याला आणखी दिवस लागतात. क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत "खातं हो स्वतः" म्हणून हातात देतील. तुमच्यासमोर दाणा फोडून गिळला तरच घ्या.

आता जुन्या पिंजऱ्यात काय होतं ते बघा. मोठी मादी, नाकाची पट्टी तपकिरी झालेली, दाण्याच्या वाटीवर ठाण मांडते. पिल्लू जवळ आलं की त्याचा पाय धरते. वाटी तर भरलेली दिसते! ती टरफलं असतात. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. रोज फुंकर मारून बघा. तीस-पस्तीस ग्रॅमचा जीव. एक दिवस उपाशी राहिला तरी कोसळतो.

दुसरा धोका रोगाचा. नवा पक्षी किमान ३० दिवस वेगळा, शक्यतो वेगळ्या खोलीत. खोली एकच असेल तर निदान लांबच्या कोपऱ्यात. वाट्या वेगळ्या, आणि आधी जुन्यांचं करून मग नव्याचं, नंतर साबणाने हात. चोचीवर मधाच्या पोळ्यासारखी खरखरीत पांढरी पुटं म्हणजे खरजेचे किडे. फुगून बसणं, हिरवी पातळ विष्ठा, दाणा खाऊनही छातीचं हाड टोचणं, यातलं काहीही दिसलं तर परळचं बैलघोडा (जनावरांचं हॉस्पिटल) गाठा. दुकानदाराची पिवळी पावडर पाण्यात टाकू नका. पोपटतापावर (सिटॅकोसिस, पक्ष्यांचा जंतूंमुळे होणारा रोग) डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात ते ४५ दिवस. तीन दिवसांच्या चिमूटभर पावडरीने रोग दबतो, जात नाही. तो माणसालाही लागतो. घरात ताप-खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना पक्षी पाळल्याचं सांगा.

रोजचं काम:
- पाणी दोनदा बदला
- दाणा पक्ष्यामागे दोन चहाचे चमचे, राळा, बाजरी
- दाणा घट्ट डब्यात. कुबट वास आला की फेका
- तळाचा कागद रोज
- समुद्रफेसाचा तुकडा
- दोघांसाठी अडीच फूट लांब पिंजरा, गजांत अर्धा इंच फट

टॉनिक, कॅल्शियमचे थेंब, वाळूचं पाकीट यांवर पैसे घालू नका. त्या पैशात दुसरा पिंजरा येतो.

महिना निघाला की पिंजरे शेजारी ठेवा, आठवडाभर. मग मडकं काढून टाका. मडकं दिसलं की मादी हक्क सांगते. वाट्या दोन, दांड्या दोन, वेगवेगळ्या टोकांना. मी जुन्याच्या दांड्यांची जागा बदलतो, म्हणजे घर त्यालाही नवं वाटतं. पिल्लाच्या कपाळावरच्या रेघा सरेपर्यंत मादीजवळ सोडत नाही. शांत नर असेल तर आधी सोडतो. पुस्तकात असं लिहिलेलं नाही, माझा अंदाज आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी सोडा आणि समोर बसा. टोचाटोची थोडी होईलच. रक्त दिसलं किंवा पिल्लू तळाशी कोपऱ्यात बसून राहिलं, तर लगेच वेगळं करा आणि पुन्हा आठवडाभर शेजारीच.