घरात छोटी टेस्ला कॉईल कशी करायची (९ व्होल्टची, जीवावर न बेतणारी)

टेस्ला कॉईल म्हणजे कमी व्होल्टेजचं लई जास्त व्होल्टेज करणारी वायरची गुंडाळी, तिच्याजवळ धरलेला सीएफएल बल्ब वायरशिवाय पेटतो. आधीच सांगतो, व्हिडिओत मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लांब ठिणग्या उडवतात तसलं काही करू नका, त्यातनं २००० व्होल्टच्या आसपास येतं आणि करंट पण दाबून, माणूस जाग्यावर जातोय. आपण स्लेयर एक्सायटर म्हणतात ती बारकी, एका ट्रान्झिस्टरवर चालणारी करूया.

सामान असं: २२२२ ट्रान्झिस्टर, २२ के (२२,००० ओहम) रेझिस्टर, लाल एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी, २० एमएम पीव्हीसी पाईपचा १० सेंमी तुकडा. वायर ३६ गेजची (बारीक तांब्याची, वरनं इनॅमल म्हणजे वार्निशसारखा थर असलेली), आणि ती बेळगावात शहापूर-वडगावकडं पंखे, मागाच्या मोटरी भरून देतात त्यांच्याकडं मागा. वजनावर देतात, आपल्याला लागते २२-२५ मीटर म्हणजे १० ग्रॅम पण नाही, दुकानदार हसणारच, हसू दे.

खरं काम वाईंडिंगचं. ३५० वेढे, एकाला एक चिकटून, एकावर एक चढला की तिथंच आतल्या आत शॉर्ट. माझे २०० झालेले आणि आतनं आईची हाक, "काय करूलायस रे, ताट वाढलंय", मी हात सोडला आणि सगळी स्प्रिंग जमिनीवर! तवापास्नं दर ५० वेढ्याला सेलोटेप लावतो, शेवटी वरनं बहिणीचं नेलपॉलिश.

आता जोडणी. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात, बेस, एमिटर आणि कलेक्टर. वायरच्या टोकाचं इनॅमल पॉलिश पेपरनं घासून काढा, नाहीतर बसा शोधत. कॉईलचं खालचं टोक बेसला. बॅटरीच्या प्लसवरनं रेझिस्टर पण बेसला. एमिटर मायनसला. एलईडीचा लांब पाय एमिटरला, आखूड बेसला. मग प्लास्टिक कव्हरची जाड वायर खाली पाईपभोवती ३ वेढे सैल गुंडाळून एक टोक प्लसला, दुसरं कलेक्टरला. ट्रान्झिस्टरचे पाय नीट बघा, पीएन२२२२ आणि पी२एन२२२२ मधे कलेक्टर-एमिटर उलटे असतात, माझे दोन ह्यातच जळाले.

चालत नसेल तर आधी जाड वायरची दोन टोकं अदलाबदल करा, दहातल्या आठ वेळा तेच असतंय.

ट्यूनिंगचं लई टेन्शन घेऊ नका, बेसला सिग्नल कॉईलमधनंच येतो त्यामुळं फ्रिक्वेन्सी ती स्वतःच धरते, काही मेगाहर्ट्झ. वरच्या टोकाला फॉईल गुंडाळलेला टेबल टेनिसचा बॉल बसवा, कपॅसिटन्स वाढून फ्रिक्वेन्सी थोडी उतरते. मग जाड वायरचे वेढे २ पासून ५ पर्यंत करून, वर-खाली सरकवून, सीएफएल नुसती हातात धरून किती लांबनं पेटते ते पट्टीनं मोजा. ट्रान्झिस्टर तापतो, १०-१५ सेकंदांनी बंद करा. बॉलला बोट नको, बारीक चटका बसतो. मोबाईल लांब, पेसमेकरवाले आजोबा दुसऱ्या खोलीत.

सीएफएल बंद पडलेली पण चालते, काच शाबूत पाहिजे फक्त. ही कॉईल शोधणाऱ्या निकोला टेस्लानं १८९१ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात हातात धरलेल्या नळ्या अशाच वायरशिवाय पेटवून दाखवलेल्या, आमच्याकडं रात्री लाईट गेल्यावर गल्लीतली पोरं त्याच्यासाठीच जमतात.