मान-पाठीची दुखणी: जिथे दुखतं तिथेच दोष शोधण्याच्या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात फिजिओथेरपी करताना रोज दिसणारी गोष्ट म्हणजे माणसं दुखण्यावर खर्च भरपूर करतात, पण भलत्याच जागी. पाय लटपटतात म्हणून गुडघ्यांना तेल, चक्कर येते म्हणून मानेला पट्टा, हात बधिर होतो म्हणून दंडाला मलम. डोकं, मान आणि कणा यांच्या बाबतीत बिघाड एकीकडे आणि त्रास दुसरीकडे असं फार वेळा होतं. कुर्ल्याला सिग्नल बिघडला की ठाण्याच्या फलाटावर गर्दी उसळते, तसंच.

आधी रचना थोडक्यात. कण्यात ३३ मणके असतात: मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली एकमेकांत जुळलेले ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. मणक्यांच्या मागच्या कमानींमधून मज्जारज्जू खाली उतरतो आणि त्यातून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मोठ्या माणसात हा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याखाली फक्त नसांचा झुपका असतो. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

चक्कर आली की मानेला पट्टा

कूस बदलली किंवा दोरीवरचे कपडे काढायला मान वर केली की घर गरगरतं, आणि मिनिटभरात थांबतं. बहुतेक घरांत यावर एकच निदान ठरलेलं असतं: ‘स्पॉन्डिलायटिस’. मग मानेचा एक्स-रे निघतो. पन्नाशीनंतरच्या एक्स-रेत हाडाची थोडी वाढ बहुतेकांना दिसतेच, त्यामुळे निदान पक्कं झालं असं वाटतं आणि पट्टा गळ्यात पडतो.

असल्या चकरीचा दोष बहुतेक वेळा कानात असतो. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. शेजारच्या कप्प्यातले कॅल्शियमचे बारीक कण सुटून त्यातल्या एखाद्या नलिकेत, बहुधा मागच्या, शिरतात. डोकं हललं की कण हलतात आणि मेंदूला खोटी बातमी जाते. यावर एपली नावाची पद्धत आहे. त्यात डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर परत नेतात, आणि पुष्कळांना एक-दोन बैठकांतच आराम पडतो. मात्र कुठला कान, कुठली नलिका, हे आधी तपासून ठरवावं लागतं. व्हिडिओ पाहून घरच्या घरी सुरुवात करू नका.

पट्ट्याने मधल्या काळात होतं काय, तर मानेचे स्नायू आळसावतात. महिनोन्‌महिने पट्टा लावलेल्या माणसाची मान पट्टा काढल्यावर जास्तच दुखते, म्हणून तो पुन्हा पट्टा लावतो.

चकरीबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा चालताच येईना, तर तो कानाचा विषय नाही. तेव्हा थेट मोठं रुग्णालय गाठा.

पाय लटपटतात म्हणून गुडघा आणि कंबर

ही चूक मला सर्वांत जास्त टोचते, कारण ती उशिरा कळते. कोपरीच्या एक काकू मुलाबरोबर आल्या होत्या. तक्रार गुडघ्यांची. बोलता बोलता मुलगा म्हणाला, “आईची चप्पल पायातून निसटते आणि तिला चार पावलं पुढे गेल्यावर कळतं.” काकू लगेच म्हणाल्या, “अहो, वय झालं आता.” मी त्यांना ब्लाउजचा हुक लावता येतो का विचारलं. नव्हता येत. भाजीवाल्याला सुटे पैसे देताना नाणी बोटांतून घसरत होती. पिशवीत एमआरआयची फाइल होती, कमरेची, आणि तीत विशेष काही नव्हतं.

नसणारच होतं. पायांकडे जाणारे सगळे संदेश आधी मानेतून उतरतात. मानेत मज्जारज्जू दाबला गेला की पाय ताठरतात, तोल जातो आणि हातांची बारीक कामं बिघडतात. मान मात्र अजिबात न दुखण्याची शक्यता असते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या टोकालाच संपत असल्याने खालच्या मणक्यांत दबाव आला तर नसा दबतात आणि पाय ढिला पडतो. ताठर, अडखळत पडणारा पाय मात्र वरचा बिघाड सुचवतो, आणि नुसत्या कमरेच्या एमआरआयमध्ये मान येतच नाही.

हात आणि पाय दोन्ही बिघडत असतील तर मालीश, मान ओढणं, झटके हे सगळं बंद करा आणि कण्याच्या किंवा मेंदूच्या शल्यविशारदाला दाखवा. शस्त्रक्रियेने बिघाड पुढे वाढणं थांबवता येतं, पण गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून ‘वय झालं’ म्हणत काढलेला प्रत्येक महिना महागात पडतो.

हाताच्या मुंग्या

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं: बहुधा मनगटातली नस. करंगळी बधिर होते: आधी कोपर तपासा. मान वळवली की खांद्यापासून बोटापर्यंत कळ जाते: मग मान. डॉक्टरांना ‘हात दुखतो’ एवढंच सांगू नका, नेमकी बोटं दाखवा. अर्धं निदान तिथेच होतं.

रिपोर्ट वाचून घाबरणं

एमआरआयच्या कागदावर ‘चकती फुगली’ (चकती म्हणजे दोन मणक्यांमधली गादी), ‘झीज’ असं दिसलं की माणूस वाकायचं सोडून देतो. २०१५ साली काही हजार लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. या लोकांना कसलाही त्रास नव्हता. तरी विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली. म्हणजे रिपोर्टमधली झीज आणि तुमचं दुखणं यांचा संबंध तपासून जुळवावा लागतो. नुसत्या कागदावर उपचार ठरवू नयेत, आणि औषधाच्या दुकानातून कमरेचा पट्टा आणून झोपून तर मुळीच राहू नये. मोठ्यांच्या चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण आजूबाजूच्या मणक्यांतून झिरपून होतं, आणि हालचाल त्याला मदत करते.

ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून येणारे लोक महागड्या खुर्चीबद्दल विचारतात. खुर्ची बरी असावी, पण अर्ध्या-पाऊण तासाने उठणं जास्त महत्त्वाचं. डोक्याचं वजन ४.५ ते ५ किलो असतं. ते मोबाइलवर पुढे झुकवून ठेवलं की मानेमागचे स्नायू तेवढा सगळा वेळ ते धरून असतात. घणसोलीपर्यंतच्या प्रवासात मोबाइल छातीच्या उंचीवर धरा, एवढं पुरे.

सलूनमध्ये मान मोडून घेणं

कटिंगनंतर चंपी आणि चंपीनंतर ‘कडक्’. हे आजच बंद करा. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात आणि सगळ्यांत वरच्या मणक्यावरून वळसा घेऊन कवटीत शिरतात. मानेचं जवळपास निम्मं वळणं पहिल्या दोन मणक्यांमध्येच होतं, म्हणजे झटका नेमका या वळशावर बसतो. धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. असं क्वचित होतं, पण तरुणांनाही होतं. हात चांगला असलेल्या नाभिकाकडून डोक्याची चंपी जरूर घ्या, फक्त झटका नको म्हणून आधीच सांगा.

अपघातात मदतीची घाई

घोडबंदर रोडवर दुचाकी घसरली की लोक मदतीला धावतात, ही या शहराची मोठी गोष्ट आहे. पण पहिल्या मिनिटात जखमीला बसवतात, हेल्मेट खेचून काढतात, पाणी पाजतात आणि दुमडून रिक्षात घालतात. मानेचा मणका मोडला असेल तर मज्जारज्जूला इजा व्हायची ती इथे होऊ शकते. गाड्या अडवा, १०८ लावा. एकाने डोक्याशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसंच स्थिर धरा. श्वास अडत असेल तरच हेल्मेट काढा, तेही दोघांनी: एकाने मान धरायची, दुसऱ्याने हेल्मेट अलगद सोडवायचं. पोलीस मागे लागतील ही भीती बाळगू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

थांबून चालत नाही अशी दुखणी

कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर तो खालचा नसांचा झुपका दबला आहे असं समजा. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात जा. पाठदुखी रात्री वाढते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं, असं असेल तर कण्याचा क्षय तपासून घ्या. आपल्याकडे तो अजूनही दिसतो आणि औषधांनी बरा होतो. तपासणी होईपर्यंत पाठीवर कुणालाही जोर देऊ देऊ नका, आम्हा फिजिओंनासुद्धा.